दुसरं आडनाव

कोणी पूर्ण नाव विचारलं की बाबा लगेच सांगत नाहीत. आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. बाबा म्हणजे अंकुश खापेकर, नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर. दिवसभर ट्रकमधून उतरणाऱ्या मालावर त्यांची नजर असते आणि घरी येताना ती नजर ते गोडाऊनमध्ये ठेवून येत नाहीत. मी सातवीत असताना त्यांनी मला नियमच सांगून ठेवला होता. "नाव इचारलं तर सांगाव. पूर्ण नाव इचारलं तर काहून इचारून राहिला ते पाहाव. अन् मूळ गाव कोणतं म्हणून इचारलं, तर समजून जाय का त्याले गावाशी काही घेणंदेणं नाही."

खापेकर हे आडनाव तसं कोणाच्या हाती लागत नाही. बाबांचे वडील नोकरीला लागले तेव्हा त्यांनी जुनं आडनाव सोडून गावाचं लावलं, खाप्यावरून खापेकर. ऐकणारा दोन मिनिटं मनात अंदाज बांधतो, मग कंटाळून क्रिकेटवर येतो. मला याची गंमत वाटायची. माझा स्वभाव बाबांवरच गेला आहे. कोणी गोड बोललं की मला पहिला प्रश्न पडतो, याला काय पाहिजे असेल?

आई अगदी उलटी. शामला गजभिये, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण आडनाव माहेरचंच. सासरी आल्यावर नाव बदलायचं का म्हणून कोणीतरी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "काहून? पहिलं खराब झालं का?" त्यावरून बाबा तिला अजून चिडवतात. बँकेत, दवाखान्यात, कुठेही ती आपलं नाव मोठ्यानं सांगते, आणि समोरच्याला ऐकू गेलं नसेल तर दुसऱ्यांदा सांगते. मी शेजारी उभी असले की मला उगाच दुसरीकडे पाहावंसं वाटतं.

दहावीनंतर मला शहरातल्या एका मोठ्या शाळेत स्कॉलरशिपवर प्रवेश मिळाला. तिथे परदेशी भाषा होत्या. स्पॅनिश मी सहावीत, लॉकडाऊनमध्ये, आईच्या फोनवर शिकायला लागले होते आणि नंतर सोडलंच नाही. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी अरुंधती मॅडमनी परीक्षा घेतली आणि मला थेट अ‍ॅडव्हान्स्डच्या वर्गात टाकलं. "कुठे शिकलीस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, फोनवर. त्या म्हणाल्या, "कमाल आहे!" या 'कमाल आहे'चा मी आठवडाभर कीस पाडला आणि शेवटी ठरवलं की मी कॉपी केली असं त्यांना वाटतं. पुढचे दोन महिने मी पहिल्या बाकावर, दोन्ही हात टेबलावर ठेवून बसत होते. मॅडमना त्याचा काही पत्ता नव्हता. त्यांनी एकदा विचारलं, तुझी पाठ दुखते का?

वर्गात आम्ही पाच जण होतो. बाकीचे चौघं पाचवीपासून तिथेच होते. त्यांच्यातली चिन्मयी वझलवार माझ्या शेजारी बसायची. डबा पुढे करायची, वही द्यायची, माझे उच्चार चांगले आहेत म्हणायची. मी डबा खायचे आणि विचार करायचे, ही एवढी चांगली काहून आहे?

दरवर्षी या वर्गातून एक जण तीन आठवड्यांसाठी स्पेनला जायचा. तिकडच्या एका शाळेत शिकायचं, तिथल्या एका कुटुंबात राहायचं. सगळा खर्च आमची शाळा करायची आणि निवड व्हायची तोंडी परीक्षेवरून. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्याबद्दल मी घरीही फार बोलत नव्हते. आमच्या घरातलं कोणी विमानात बसलेलं नव्हतं, पण ते कारण नव्हतं. पाच वर्षं मी जी भाषा खोलीचं दार लावून एकटी बोलत होते, ती कुठेतरी रस्त्यावर, दुकानात, सगळे बोलतात हे मला एकदा कानानं ऐकायचं होतं.

तोंडी परीक्षेचा विषय मॅडमनी पंधरा दिवस आधी फळ्यावर लिहिला. "माझी दोन आडनावं."

"तिकडे प्रत्येकाला दोन आडनावं असतात," त्या म्हणाल्या. "पहिलं वडिलांचं, दुसरं आईच्या माहेरचं. लग्न झाल्यावर बायका आडनाव बदलत नाहीत. तर तुम्ही आपलं नाव त्यांच्या पद्धतीनं सांगायचं आणि दुसऱ्या आडनावाची गोष्ट सांगायची. ते घराणं कुठलं, कुठून आलं, कोणी काय केलं. पाच मिनिटं."

मग त्या हसल्या. "आणि हे नीट समजून घ्या. मागच्या वर्षी आपल्या एका मुलानं फॉर्मवर दुसऱ्या आडनावाच्या जागी आईचं नाव लिहिलं. तिकडे तीन आठवडे सगळे त्याला मिस्टर सुनंदा म्हणत होते."

सगळे हसले. मीही हसले, पण मान खाली घालून. पहिलं आडनाव लपतं, म्हणून आता दुसरं विचारत आहेत. नुसतं दुसरं आडनावच नाही, घराणं कुठलं, तेही. बाबांच्या नियमातले सगळे प्रश्न एका दमात, आणि ते अभ्यासाच्या नावाखाली. वर मॅडमच्या हातात एक निळी वही होती. त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं, कोणाला आईचं माहेरचं आडनाव माहीत नाही असं तर नाही ना? चिन्मयी म्हणाली, पाध्ये. मॅडमनी वहीत लिहिलं. माझ्यापर्यंत येईस्तोवर घंटा झाली.

घरी मी बाबांना सांगितलं. बाबा जेवता जेवता थांबले. "वहीत लिहून राहिली?" त्यांनी विचारलं. "कशाले?"  आई मात्र खूश झाली. "चांगला विषय आहे की! नानाची गोष्ट सांग."

नाना म्हणजे आईचे वडील, भैय्याजी गजभिये. उमरेडला राहतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि अजून स्वतःची सायकल स्वतः पुसतात. छप्पन साली दीक्षेला ते नऊ वर्षांचे होते. आपल्या आईचं, तुळसाबाईचं, बोट धरून दोन दिवस चालत नागपूरला आले. सगळ्यांनी पांढरं नेसून यायचं होतं. तुळसाबाईकडे पांढरं लुगडं नव्हतं, म्हणून ती नवऱ्याचं धोतर लुगड्यासारखं नेसली. वाटेत ते सारखं सुटायचं आणि दर मैलाला सगळ्या बाया तिच्याभोवती गोल करून उभ्या राहायच्या. नाना ही गोष्ट सांगताना इतके हसतात की शेवटी डोळे पुसतात.

आईनं मला ती पुन्हा बैजवार, एकेक तपशिलानिशी सांगितली आणि मी ती स्पॅनिशमध्ये लिहिली. तीन पानं. खरं सांगते, त्याआधी किंवा त्यानंतर मी त्या भाषेत इतकं चांगलं काही लिहिलेलं नाही. धोतराच्या जागी तर मला स्वतःलाच हसू आलं. मी ते आईला वाचून दाखवलं. तिला शब्दही कळत नव्हता, पण भैय्याजी, तुळसाबाई, गजभिये असं काही आलं की ती मान हलवायची. "पुन्हा एकदा म्हण ना वं," ती म्हणायची.

परीक्षेच्या दिवशी पाचही जण वर्गातच होतो. मॅडमनी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि निळी वही उघडून ठेवली. माझ्या आधी चिन्मयीचा नंबर होता. तिच्या आईकडचे पाध्ये भोसल्यांच्या काळात नागपुरात आले, दरबारात लिखापढीचं काम करत होते, कागद अजून घरी आहेत. तिनं छान सांगितलं. मॅडमनी दोन प्रश्न विचारले, हसल्या, वहीत काहीतरी लिहिलं. गौरांग म्हणून एक मुलगा होता, तो मागून म्हणाला, "अरे वा, राजघराणं!" सगळे हसले.

मग मी उठले. तीन पानं पाठ होती. मॅडमनी वहीचं पान उलटलं, पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी स्पॅनिशमध्ये माझं नाव सांगायला लागले, "मे यामो पायल खापेकर..." आणि पुढचं नाव तोंडात असताना मला वाटलं, सगळे वाट पाहत आहेत. चौघं आणि मॅडम. खापेकर म्हणजे नेमके कोण, हे वर्षभर त्यांना कळलं नव्हतं, ते आता मी स्वतः त्यांच्या हातात देणार आणि पेन तयार आहे.

"...देशमुख," मी म्हणाले.

त्यातही हुशारी केली. देशमुख सगळ्यांत असतात, कोणाला कुठे बोट ठेवता येत नाही. तेवढा विचार मला एका श्वासात सुचला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. पुढची पाच मिनिटं मी मनानंच रचून बोलत होते. आईचं घराणं दर्यापूरचं, कपाशीची शेती, आजोबांचा घोडा, घोड्याचं नावसुद्धा दिलं. व्याकरणाची एक चूक झाली नाही. मॅडमनी वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "भाषा उत्तम. गोष्ट जरा पाठ केल्यासारखी वाटली." मला वाटलं, यांना कळलं.

त्याच दुपारी कॅन्टीनमध्ये चिन्मयीनं समोसा खाता खाता विचारलं, "ए, दर्यापूरचे देशमुख म्हणजे कुठले गं? माझ्या मावशीचं सासर तेच आहे. दर्यापूरचे देशमुखच. थांब, आईला विचारायला सांगते, आपण नातेवाईक निघू!"

 विदर्भात एवढी गावं पडली आहेत आणि मला नेमकं तेच आठवावं! मी म्हटलं, आमचे लोक फार आधी निघाले तिथून. ती म्हणाली, "तरी काय झालं?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, आजोबांचं नाव काय म्हणून. हिला संशय आला आहे, ही माझी उलटतपासणी घेत आहे, हे मी पक्कं धरलं. मी तिच्या शेजारून उठून मागे बसायला लागले. तिनं दोन दिवस कारण विचारलं, मग विचारणं सोडलं.

त्यानंतर आठवड्याभरात शाळेतून निरोप आला. शनिवारी सकाळी अ‍ॅडव्हान्स्डच्या मुलांच्या पालकांना बोलावलं आहे, मुलांची रेकॉर्डिंग ऐकवली जातील आणि निवड जाहीर होईल. निरोप आईच्या फोनवर आला, माझ्या नाही, नाहीतर मी तो पुसून टाकला असता.

"काही खास नाही, नको येऊस," मी म्हटलं. "सगळं स्पॅनिशमध्ये असते. तुले काही समजणार नाही."

"मले नानाचं नाव तर समजते ना," आई म्हणाली. "तेवढं ऐकायले येते मी."

मग मी म्हटलं की गाडी लावायला जागा नसते, कार्यक्रम लांबतो, इतरांचे फक्त बाबा येतात. यातलं एकही खरं नव्हतं आणि प्रत्येक कारणासरशी आईचा चेहरा थोडा उतरत होता. शेवटी ती म्हणाली, "माह्या साडीचं काही आहे का? तू सांगशील ती नेसून येते." तेव्हा मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी आणखी कारणं देणं सोडलं. बाबांच्या गोडाऊनवर त्या दिवशी चार ट्रक लागणार होते, ते येऊ शकत नव्हते. आईनं तिच्या शाळेतून रजा घेतली.

शनिवारी हॉलमध्ये खुर्च्या लावल्या होत्या. आई दुसऱ्या रांगेत बसली आणि फोन मांडीवर धरून ठेवला, रेकॉर्डिंगचं रेकॉर्डिंग करून नानांना पाठवायचं म्हणून.  मॅडमना जाऊन सांगावं, माझं वाजवू नका, असं मनात दहा वेळा आलं. पण तसं म्हटलं तर त्या का विचारतील, आणि का सांगितलं तर स्पेन गेलं. मी खुर्चीत बसून राहिले. हे मी लिहून ठेवते, कारण नंतर मला स्वतःला असं समजवावंसं वाटलं की वेळच मिळाला नाही. वेळ होता. माझ्या आधी दोघांची रेकॉर्डिंग वाजली.

मग स्पीकरमधून माझा आवाज आला. "मे यामो पायल खापेकर देशमुख."

आईनं फोन वर धरलेला होता. तो तसाच राहिला. तिला वाटलं असावं की तो कुठला तरी स्पॅनिश शब्द आहे, कारण ती थोडी पुढे झुकून ऐकू लागली. पण मी रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा देशमुख म्हटलं, दर्यापूर म्हटलं, आणखी दोनदा देशमुख म्हटलं. नावांना भाषांतर लागत नाही. पाच मिनिटांत भैय्याजी आले नाहीत, तुळसाबाई आली नाही. मधेच कधीतरी आईनं फोन खाली घेतला, बंद केला आणि पर्समध्ये ठेवला. माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

टाळ्या वाजल्या. आईनंही वाजवल्या.

चहाच्या वेळी चिन्मयीची आई थेट आमच्याकडे आली. मोठं कुंकू, मोकळं हसणं. "तुम्हीच पायलच्या आई ना? चिन्मयी सांगत होती, तुम्ही दर्यापूरच्या देशमुखांच्या. माझी धाकटी बहीण तिथेच दिली आहे हो! तुम्ही कोणाच्या?"

मी कपाकडे पाहत होते. मला माहीत होतं आई काय म्हणणार. एकोणीस वर्षं ती एकच उत्तर देत आली होती, आणि ऐकू गेलं नाही तर दुसऱ्यांदा. ती म्हणणार, मी गजभिये. आणि मग सगळं संपणार. मी खोटी ठरणार, सगळ्यांसमोर. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आईची भीती वाटली.

आई म्हणाली, "आम्ही लहानपणीच नागपूरला आलो. दर्यापूरला आता आमचं कोणी राहिलं नाही."

"अगंबाई! कोणीच नाही?"

"कोणीच नाही," आई म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुमची चिन्मयी डबा चांगला आणते म्हणे. काय देता तिले?"

चिन्मयीची आई खुशाल डब्याबद्दल बोलायला लागली. तिच्या मनात तेवढंच होतं, नातं निघालं तर निघालं. आणि माझी आई, जिचे वडील त्या वेळी उमरेडला ओट्यावर पेपर वाचत, लेकीच्या फोनची वाट पाहत बसले होते, ती ऐकत होती आणि हो हो म्हणत होती.

दहा मिनिटांनी मॅडमनी माझं नाव जाहीर केलं. त्या आईला म्हणाल्या, "अभिनंदन! फॉर्म घरी देते, सोमवारी भरून पाठवा. तिकडचा कॉम्प्युटर दुसरं आडनाव रिकामं ठेवलं तर फॉर्मच घेत नाही. म्हणून तर मी पोरांकडून सगळ्यांची आडनावं आधीच लिहून घेते. पायलचं काय ते... हं, देशमुख." त्यांनी ते निळ्या वहीत पाहून सांगितलं. वही एवढ्यासाठीच होती.

परतताना आई स्कूटी चालवत होती. मी मागे बसून तीनदा "आई" म्हटलं. एकदा ती म्हणाली, "हेल्मेटचा पट्टा लाव." घराजवळ थांबून तिनं मेथी घेतली. संध्याकाळी नानांचा फोन आला तेव्हा मी तिचा आवाज ऐकला, "नाही झालं ना नाना रेकॉर्ड. फोनच बंद पडला." एका दिवसात ती दुसऱ्यांदा खोटं बोलली, दोन्ही वेळा माझ्यासाठी. बाबांना तिनं फक्त निवड झाल्याचं सांगितलं. बाबांनी पेढे आणले.

रविवारी दुपारी ती फॉर्म घेऊन बसली. फॉर्म आमच्या घरी तीच भरते, तिचं अक्षर चांगलं आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता. मी समोर मेथी निवडत बसले होते. मग तिचं पेन थांबलं.

"हे दुसरं आडनाव आहे ना," ती म्हणाली. "इथं काय लिहू?"

मी वर पाहिलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी रडून मोकळी झाले असते. ती खरंच विचारत होती, जसं तिनं त्या दिवशी साडीबद्दल विचारलं होतं. मी सांगेन ते ती लिहिणार होती, सुवाच्य अक्षरात. पासपोर्टवर माझं आडनाव एकच, आणि आईचं नाव असलेलं शेवटचं पान कोणी उघडून पाहत नाही. कोणाला कधी कळलं नसतं. मी रात्रभर याच गोष्टीचा हिशेब लावला होता आणि तो बरोबर होता.

"गजभिये," मी म्हणाले.

आईनं लिहिलं नाही.

"मॅडमच्या वहीत तं दुसरं आहे."

"उद्या जाऊन त्यांना सांगते. चिन्मयीलाही सांगते. सगळ्यांसमोर खोटं बोलले म्हणून."

"अन् तिकडं जाणं कॅन्सल झालं तं?"

"होऊ दे."

मला वाटलं होतं आता तिचे डोळे भरून येतील, ती मला जवळ घेईल. मी मेथीची काडी खाली ठेवलीसुद्धा होती. पण आई पेन हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली. मी काहीतरी विकायला आले आहे आणि त्यात खोट कुठे आहे ते तिला शोधायचं आहे, तशी.

"काहून?" तिनं विचारलं. "आजच काहून सांगून राहिली तू मले हे? तिथं कोणाले समजलं का?"

"नाही आई. कोणालाच नाही."

"चिन्मयीच्या आईचा फोन आल्ता का तुले? मॅडमचा?"

"नाही."

तिनं पेनाचं टोपण लावलं आणि फॉर्म बाजूला सरकवला.

"खरं सांग," ती म्हणाली.